डोक्यावरची सावली : उन्हाळ्यातील टोपीचे शास्त्र आणि व्यवहार

चैत्र सरून वैशाख लागला की देशाच्या बहुतेक भागांत दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. तरीही काही माणसे त्या रस्त्यांवर असतातच. भाजीची हातगाडी ढकलणारा विक्रेता, टपाल वाटणारा पोस्टमन, दुकानोदुकानी फिरून दैनिक ठेव गोळा करणारा प्रतिनिधी, बांधकामावरील मजूर, चौकातील वाहतूक पोलीस, परीक्षा आटोपून घरी परतणारी मुले आणि निवृत्तिवेतनासाठी बँकेची वाट चालणारे ज्येष्ठ नागरिक यांना ऊन टाळणे नेहमीच शक्य होत नाही. अशा प्रत्येकाला सहज परवडणारे आणि हाताशी असणारे संरक्षण म्हणजे डोक्यावरील आच्छादन. मग ती टोपी असो, फेटा असो, गमछा असो वा साडीचा पदर असो.

घराबाहेर पडताना ‘टोपी घाल’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश प्रत्येकाने ऐकलेला असतो. परंतु कोणती टोपी, ती नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, याचा विचार क्वचितच केला जातो. तो केल्यास त्याच पैशांत अधिक चांगले संरक्षण मिळू शकते आणि फसव्या भरवशापासून दूर राहता येते.

बातम्यांतील तापमान कोणाचे?

वृत्तपत्रात ‘कमाल तापमान ४२ अंश’ असे वाचले की उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ४२ अंशांचा ताप सोसावा लागतो, असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हवामान केंद्रातील तापमापक उन्हात ठेवलेला नसतो. तो पांढरा रंग दिलेल्या, चारही बाजूंना झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर बसवलेला असतो. ही पेटी स्कॉटलंडमधील अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केली. ते ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील होत. आजच्या स्वयंचलित केंद्रांतील संवेदकांनाही असेच आच्छादन असते. थोडक्यात, जाहीर होणारा आकडा हा सावलीतील, खेळत्या हवेचा असतो.

उन्हात उभ्या असलेल्या माणसावर त्या हवेच्या उष्णतेखेरीज आणखी एक भार पडतो, तो म्हणजे थेट सूर्यकिरणांचा. निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सूर्याची सुमारे १,००० वॅट इतकी शक्ती पडते. घरातील साध्या इस्त्रीची क्षमता साधारण एवढीच असते. याशिवाय तापलेले डांबर, सिमेंटच्या भिंती आणि पत्रे यांच्याकडूनही उष्णता अंगावर येत असते. म्हणूनच झाडाच्या सावलीत शिरताच हवा तीच असूनही जिवाला बरे वाटते. ही सावलीच टोपीच्या रूपाने बरोबर नेता येते.

टोपी काय साधते?

भारताच्या दक्षिणेकडील मोठ्या भागात वर्षातून दोनदा सूर्य माथ्यावर अगदी बरोबर येतो. त्याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. बंगळुरूत हा दिवस एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात, मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर, तर नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यातच या शहरांतील दुपारचे किरण सरळ टाळू आणि खांद्यांवर उतरतात.

आता थोडा हिशेब मांडू या. काठासह ३५ सेंटिमीटर व्यासाची टोपी वरून पाहिल्यास जवळजवळ एक दशांश चौरस मीटर जागा व्यापते. मध्यान्ही ती सुमारे ९५ वॅट इतकी सूर्यशक्ती अडवते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर स्वतः साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करत असते आणि तेवढी त्याला सतत बाहेर टाकावी लागते. टोपी नसेल तर अडवता येण्याजोग्या या किरणांतील बराचसा भाग डोके, मान आणि खांदे यांवर पडून त्या कामात भर घालतो. एवढ्याशा वस्तूने हा वाढीव भार उतरतो, हेच तिचे मोल. छत्रीची सावली अर्थातच कितीतरी मोठी. उन्हाळ्यात छत्री घेऊन निघणारे आजोबा हिशेबाला पक्के असतात, असेच म्हणावे लागेल. मात्र ज्यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, त्यांना टोपीवाचून पर्याय नाही.

टोपीचे दुसरे कार्य अतिनील किरण अडवण्याचे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. त्यामुळे हवा थंड असली तरी ते आपले काम करीत राहतात. त्वचा काळवंडणे, अकाली सुरकुत्या पडणे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांसल पडदा वाढणे आणि मोतीबिंदू होणे यांत त्यांचा वाटा असतो. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही अंशी संरक्षण देते, पण डोळ्यांना तशी ढाल नसते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला या किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. शिवाय ताजा बर्फ त्यांपैकी तब्बल ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो. लेह किंवा मनालीच्या सहलीत गारव्यामुळे टोपी बॅगेतच राहते आणि परतताना नाकाची साले निघतात, त्याचे कारण हेच.

काठाचे गणित

टोपी निवडताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे आणि किमतीकडे जाते. खरे पाहता पहिला प्रश्न काठाचा असावा. कपाळावर बसलेल्या टोपीचा काठ जितका रुंद, तितकी चेहऱ्यावर उतरणारी सावली लांब असते. ही लांबी सूर्याच्या उंचीवरही अवलंबून असते. सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर साडेसात सेंटिमीटर काठाची टोपी असल्यास पुढीलप्रमाणे सावली मिळते :

सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असताना : सुमारे १३ सेंटिमीटर
सूर्य ४५ अंशांवर असताना : साडेसात सेंटिमीटर
सूर्य ३० अंशांवर असताना : सुमारे ४ सेंटिमीटर

टोपीच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर साधारण १५ सेंटिमीटर धरले, तर दुपारी जवळजवळ सर्व चेहरा सावलीत राहतो. मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊच्या सुमारास सूर्य ४५ अंशांवर असतो आणि दुपारी साडेचारला तो ३० अंशांपर्यंत उतरतो. त्या वेळी डोळे झाकले जातील, पण गाल आणि हनुवटी उघडीच राहतील. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टोपी अपुरी पडते ती यामुळे.

ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने तेथे या विषयाचा कसून विचार झाला आहे. तेथील कर्करोग परिषद प्रौढांसाठी किमान साडेसात सेंटिमीटर काठाची टोपी सुचवते. अनेक शाळांत तर टोपी नसलेल्या मुलाला मैदानावर खेळू दिले जात नाही. आपल्याकडे लोकप्रिय असलेली, फक्त पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी कपाळ आणि नाक झाकते, पण कान आणि मानेचा मागचा भाग सर्वस्वी उघडा टाकते. तीच टोपी वापरायची असेल तर तिच्याखाली मानेवर रुळेल असा रुमाल घ्यावा. गांधीटोपी आणि गोल टोपीला काठच नसतो. त्या टाळूला सावली देतात, चेहऱ्याला नव्हे.

वीण, रंग आणि हवेची फट

कापड किती अतिनील किरण अडवते, हे मोजण्यासाठी एक गुणांक वापरला जातो. गुणांक ५० असेल तर पन्नासातील एकच भाग किरण आरपार जातो. पातळ, पांढऱ्या सुती कापडाचा गुणांक पाच ते आठच्या आसपास असतो आणि ते ओले झाल्यावर आणखी घटतो. जाड, घट्ट विणीचे कापड याहून पुष्कळ सरस ठरते. दुकानात हे पारखण्याची सोपी युक्ती म्हणजे टोपी उजेडाकडे धरून आतून पाहणे. जेथून प्रकाशाचे ठिपके दिसतात तेथून अतिनील किरणही येणारच. सुंदर दिसणाऱ्या विरळ जाळीच्या टोप्या या परीक्षेत हमखास नापास होतात.

रंगाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. फिकट रंग ऊन परतवतो, म्हणून टोपी कमी तापते. गडद रंग ऊन अधिक शोषतो, परंतु अतिनील किरण अधिक अडवतो. मग निवड कशी करावी? १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातील बेदुइन लोकांच्या वस्त्रांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सैल काळ्या झग्याने अधिक ऊन शोषले तरी ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते आणि आतील माणसाला पांढऱ्या झग्याइतकाच ताप होतो, असे त्यात दिसून आले. तात्पर्य, रंगापेक्षा कापड आणि त्वचा यांमधील मोकळी हवा अधिक महत्त्वाची. टोपी डोक्याला घट्ट चिकटून बसत असेल, तर मात्र फिकट रंगच बरा. वरून फिकट आणि काठाच्या खालच्या बाजूला गडद रंगाची टोपी असल्यास जमिनीवरून परावर्तित होणारी तिरीपही डोळ्यांना कमी जाणवते.

हवेच्या फटीचे हे तत्त्व आपल्या देशातील कारागिरांना पूर्वापार ठाऊक होते. बंगाल-आसामच्या दलदलीत वाढणाऱ्या ‘शोला’ नावाच्या वनस्पतीचा गाभा पांढरा आणि अत्यंत हलका असतो. बंगाली विवाहातील नवरदेवाचा ‘टोपोर’ त्यापासूनच बनतो. इंग्रजी अमलातील प्रसिद्ध ‘सोला हॅट’ याच गाभ्याची होती. तिच्या नावाचा संबंध सूर्याशी नसून या वनस्पतीशी आहे. हॅटच्या आतील डोक्याभोवतीची पट्टी मुख्य कवचापासून किंचित अलग ठेवलेली असे, त्यामुळे मधून वारा खेळत राही. आसामच्या शेतकऱ्याची बांबू आणि ताडवर्गीय पानांची ‘जापी’ तसेच केरळच्या शेतांत दिसणारी ताडपानांची ‘तोप्पिक्कुडा’ ही त्याच कुळातील शिरोभूषणे. ऊन आणि पाऊस दोन्ही झेलणारा विस्तीर्ण काठ आणि हलके वजन ही त्यांची वैशिष्ट्ये. राजस्थानातील साफा किंवा महाराष्ट्रातील फेटा यांना काठ नसतो. आठ-नऊ मीटर कापडाच्या घड्यांमध्ये अडकलेली हवा मात्र टाळूपर्यंत उष्णता पोहोचू देत नाही आणि मागे सोडलेला शेमला मानेवर सावली धरतो.

कोरडे ऊन आणि दमट ऊन

एकच टोपी जयपूरला आणि चेन्नईला सारखीच उपयोगी पडेल असे नाही. यामागे घामाचे शास्त्र आहे. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर तो शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात जवळपास साडेसहा तासांत निर्माण होणारी ही उष्णता होय. मात्र अट एकच : घाम वाळला पाहिजे. नुसता ओघळून गेलेला घाम शरीराचे पाणी आणि क्षार नेतो, गारवा देत नाही.

विदर्भ, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश येथील कोरड्या उन्हाळ्यात घाम झपाट्याने वाळतो. तेथे अडचण असते ती तप्त वाऱ्याची. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. ४५ अंशांचा वारा अंगावर येतो तेव्हा तो शरीर थंड न करता उलट तापवतो. नागपूरकर घराबाहेर पडताना दुपट्ट्याने कान आणि चेहरा गुंडाळून घेतात आणि उत्तरेकडील शेतकरी लू वाहू लागली की गमछा बांधतो, त्यामागे हे कारण आहे. हा दुपट्टा ओला करून बांधल्यास आणखी गारवा मिळतो. ओल्या कापडातून अतिनील किरण अधिक येत असल्याने त्याची दुहेरी घडी घ्यावी.

मुंबई, गोवा, कोची, चेन्नई, कोलकाता येथील हवा दमट असते. तेथे ओले कापड वाळतच नाही. डोके घट्ट गुंडाळल्यास घाम कोंडतो आणि जीव घाबरा होतो. अशा ठिकाणी हलकी, रुंद काठाची, वरच्या भागात हवेसाठी छिद्रे असलेली टोपी किंवा छत्री अधिक योग्य. कोरड्या मुलखातून दमट किनाऱ्यावर किंवा थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात नुकतेच आलेल्यांनी विशेष जपावे. शरीर नव्या हवेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

दुचाकीस्वारांबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. उकाड्याचे कारण सांगून हेल्मेट काढून ठेवणे हा कधीच मार्ग नव्हे. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधावा, मात्र त्यामुळे हेल्मेट सैल बसत नाही आणि पट्टा नीट लागतो याची खात्री करावी. अहमदाबादच्या वाहतूक पोलिसांनी २०२३ मध्ये बॅटरीवर चालणारी वातानुकूलित हेल्मेट्स प्रायोगिक तत्त्वावर वापरून पाहिली. ही साधने सर्वांच्या आवाक्यात येईपर्यंत साधा सुती रुमालच कामी येणार आहे.

टोपीची मर्यादा

येथवर टोपीची बाजू मांडली. आता तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. टोपी किरण अडवते, हवा थंड करीत नाही. हवेची उष्णता, दमटपणा आणि श्रमामुळे शरीरात निर्माण होणारी उष्णता यांवर तिचा इलाज चालत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या एका मोठ्या कार्यक्रमानंतर उन्हाच्या तडाख्याने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या परिसरात नोंदले गेलेले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आकडा ऐकून कोणी दचकू नये असाच तो होता. पण तो सावलीतला होता आणि माणसे तासन् तास उन्हात बसलेली होती. त्याआधी मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा राबवला. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांची सज्जता आणि लोकशिक्षण ही त्याची अंगे होत. पुढे देशातील अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. केरळमध्ये कडक उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ या वेळेत विश्रांती देण्याचे आदेश कामगार विभाग काढत आला आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही मे २०२३ मध्ये दोन हजार रुपयांच्या नोटा बदलून देण्याच्या काळात, उन्हाळा लक्षात घेऊन शाखांमध्ये सावलीची प्रतीक्षा-जागा आणि पिण्याचे पाणी यांची सोय करण्याचा सल्ला बँकांना दिला होता. यांतील प्रत्येक उपायात सावली आहे आणि तिच्या जोडीला पाणी, विश्रांती किंवा वेळेचे भान आहे.

उन्हात काम करताना डोके दुखू लागणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही धोक्याची पहिली घंटा समजावी. लगेच काम थांबवून सावलीत बसावे, पाणी किंवा क्षारसंजीवनी घ्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला भान राहिले नाही किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र कदापि घालू नये. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीवर विसंबून राहणे तर धोक्याचेच.

टोपी घेताना

• काठ चारही बाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर असावा. कान आणि मान झाकली जाते का, ते आरशात पाहावे.
• टोपी उजेडाकडे धरून वीण तपासावी.
• आत बोट सरकेल इतकी ती सैल असावी आणि वरच्या भागात हवेसाठी छिद्रे असावीत.
• लहान मुलांसाठी मऊ काठाची टोपी घ्यावी, म्हणजे मूल ती ओढून काढणार नाही.
• आतील घामाची पट्टी वरचेवर धुता येईल अशीच टोपी निवडावी.
• वाळू, पाणी किंवा बर्फ असलेल्या जागी टोपीबरोबर चांगला गॉगलही वापरावा. खालून परतणारे किरण टोपी अडवू शकत नाही.
• शक्य ती कामे सकाळी अकराच्या आत उरकावीत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

उन्हात राबणाऱ्या कित्येकांना या यादीतील शेवटची सूचना पाळणे जमणारे नसते. भाजीवाल्याचा माल दुपारपर्यंत थांबत नाही आणि मजुराचा रोज बुडून चालत नाही. म्हणून ज्यांच्याकडे कोणी ना कोणी उन्हात काम करते, अशा प्रत्येक दुकानदाराने, ठेकेदाराने आणि गृहनिर्माण संस्थेने रुंद काठाच्या चार टोप्या, पाण्याचा एक माठ आणि बसण्यापुरती सावली यांची तरतूद उन्हाळ्याच्या आरंभीच करून ठेवावी. हा खर्च फार मोठा नाही. एखाद्या घरातील कर्ता माणूस संध्याकाळी सुखरूप परतला, तर त्या खर्चाचे सार्थक झालेच.